टायमिंग चेन ढिली झालीय का हे कसं तपासायचं आणि बदलायची कशी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी स्टार्ट केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखड येते आणि मग एकदम शांत, जसं काही झालंच नाही. हा आवाज लोक महिनोन्महिने ऐकतात आणि टॅपेट वाजत असतील म्हणून सोडून देतात. कधीकधी खरंच टॅपेट असतात, पण बऱ्याचदा ती टायमिंग चेन असते आणि ती अशीच दोन-तीन सेकंदांची सूचना देत राहते, मग एक दिवस दात सोडते, म्हणजे चाकाच्या दातावरून घसरून पुढच्या दातावर जाते. त्या दिवशी काम चेनचं राहत नाही, हेड उतरवायचं काम होतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. पहिल्यांदा करणार असाल तर आधी शेवटपर्यंत वाचा आणि मगच पाना हातात घ्या, कारण मधल्या दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या उशिरा कळल्या तर इंजिन जातं.

आधी चेन करते काय. क्रँक खाली फिरतो, कॅम वर फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो-बंद करतो, आणि या दोघांना एकमेकांशी बांधून ठेवणारी ही चेन. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक फेरा, म्हणूनच कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चाकाला, क्रँकच्या दुप्पट दात असतात. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो, पिस्टन वर येण्याआधी तो बाजूला झालेलाच पाहिजे. आजच्या बहुतेक इंजिनांमध्ये दोघांमधली जागा इतकी कमी असते की टायमिंग सरकलं तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. अशा इंजिनांना इंटरफेरन्स इंजिन म्हणतात. तुमचं तसं आहे की नाही माहीत नसेल तर आहे असंच धरून काम करा.

"चेन ताणली" असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. कड्यांना जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्या बुशा घासतात, प्रत्येक जोडाला थोडीशी फट पडते आणि सगळ्या फटी मिळून चेन लांब होते. हिशोब करून बघा. समजा ८ मिलीमीटर पिचची (एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतचं अंतर) चेन आहे आणि ती अर्धा टक्का लांबलीय, म्हणजे एका जोडाला फक्त ०.०४ मिलीमीटर घासलंय, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. क्रँकपासून कॅमपर्यंतची चेनची ओढलेली बाजू ४०० मिलीमीटर असेल तर ती २ मिलीमीटरने वाढली. क्रँकचं स्प्रॉकेट १८ दातांचं असेल तर एक दात म्हणजे २० अंश, आणि २ मिलीमीटर म्हणजे पाव दात, म्हणजे क्रँकचे ५ अंश. कॅम तेवढा मागे राहिला. मागेच का, तर टेन्शनर, म्हणजे चेनला दाबून ताणून धरणारा भाग, ढिल्या बाजूला बसलेला असतो, तो तिकडचा ढिलेपणा खाऊन टाकतो, पण ओढलेल्या बाजूची लांबी तो कमी करू शकत नाही. डोळ्याला दिसणारही नाही एवढी झीज, पण ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) बरोबर कळते आणि गाडी पिकअपला जड वाटायला लागते.

झिजते कशाने, तर जवळजवळ नेहमी ऑइलने. ऑइल बदलायला उशीर, लेव्हल कमी, चुकीच्या ग्रेडचं ऑइल, किंवा सारखं दोन-तीन किलोमीटरचं फिरणं ज्यात इंजिन कधी नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं. डिझेलमध्ये आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलमध्ये काजळी ऑइलमध्ये उतरते आणि ती पिनांच्या फटीत जाऊन पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणजे ऑइल खराब झालं की चेनही झिजणार आणि तिला ताणून धरणाराही कमजोर होणार.

खोलायच्या आधी खात्री करा

माझं ठाम मत आहे की या कामातला सगळ्यात जास्त वेळ तपासण्यात गेला पाहिजे. नुसता स्कॅनरवर एक फॉल्ट कोड आला म्हणून चेन बदलणारे मी बघितलेत, आणि नवी चेन टाकूनही तोच कोड परत आलेला बघितलाय.

पहिली गोष्ट डिपस्टिक. इंजिन बंद करून सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबा आणि लेव्हल बघा. ऑइल कमी असेल तर आधी ते भरा, आणि काळं-पातळ झालं असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून चार दिवस सकाळचा आवाज ऐका. काही वेळा स्वस्तातल्या फिल्टरमधला ऑइल अडवून धरणारा व्हॉल्व्ह नीट काम करत नाही, रात्रीतून ऑइल खाली उतरतं आणि सकाळी टेन्शनर कोरडा असतो. तेवढ्याने आवाज गेला तर चेनला अजून वेळ असू शकतो, पण लक्ष ठेवा.

दुसरं, आवाज कुठून येतो ते पक्कं करा. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप असला तर छान, नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. सैल कपडे आणि केस बेल्टपासून लांब ठेवा, हे अगदी कळकळीने सांगतोय. चेनचा आवाज टायमिंग कव्हरवर आणि टेन्शनरच्या आसपास सगळ्यात मोठा येतो, टॅपेटचा वर हेडवर येतो. बेल्टवरच्या बेअरिंगची शंका असेल तर थंड इंजिनावर बाहेरचा बेल्ट काढा आणि दहा-पंधरा सेकंदच इंजिन चालवून बघा, आवाज गेला तर चेनचा काही संबंधच नाही. त्याहून जास्त वेळ नको, कारण बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो.

तिसरं स्कॅनर. साधा ओबीडी रीडरही चालतो. पी००१६, पी००१७, पी००१८, पी००१९ हे कोड क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असं सांगतात, पी०००८ आणि पी०००९ पण याच कुटुंबातले. पी००११ किंवा पी००१४ आला तर तो कॅम फेजरच्या (चालत्या इंजिनात कॅमचा कोन थोडा पुढे-मागे करणारा भाग) टायमिंगबद्दल असतो आणि त्यात चेनपेक्षा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकल्याची शक्यता जास्त. म्हणून कोड वाचला की लगेच चेन मागवू नका. तो व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी बघा, कॅम सेन्सर आणि क्रँक सेन्सरच्या पिना आणि वायर बघा, कुठे ऑइल शिरलंय का ते बघा. हे सगळं ठीक असेल आणि तरी कोड परत येत असेल तर मग लाईव्ह डेटा. आयडलिंगला फेजर आपल्या मूळ जागी बसलेला असताना कॅमचा कोन किती सरकलेला दाखवतो ते बघायचं आणि तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचं. हा आकडा दर इंजिनाला वेगळा, दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

चौथं म्हणजे डोळ्याने बघणं. काही इंजिनांत ऑइल टाकायचं झाकण काढलं की चेन दिसते, काहींत टायमिंग कव्हरला छोटा प्लग असतो, त्यातून टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय ते दिसतं. दट्ट्यावर खाचा असतात, जितक्या जास्त खाचा बाहेर तितकी चेन लांब झालेली. नवशिक्यासाठी ही सगळ्यात खात्रीची तपासणी, कारण यात अंदाज नाही, खाचा मोजायच्या आणि मॅन्युअल बघायचं. मात्र इंजिन बंद असताना चेन बोटाने दाबून ढिली लागली म्हणून घाबरू नका, काही टेन्शनर प्रेशर गेलं की मागे जातात, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय घेता येत नाही.

आणि जुनं ऑइल काढताना ते चाळणीतून किंवा पांढऱ्या फडक्यातून गाळा. काळ्या किंवा तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे निघाले तर गाईड, म्हणजे चेन जिच्यावरून घसरते ती प्लॅस्टिकची पट्टी, तुटलंय. मग तपासणी संपली, गाडी चालवायची नाही, खोलायचीच.

हे काम आपण करायचं का

चार सिलिंडरचं साधं इंजिन, चेन पुढच्या बाजूला, एकच लांब चेन असेल तर मन लावून करणाऱ्याला जमतं, दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा. बऱ्याच व्ही६ मध्ये एक मुख्य आणि दोन बाजूच्या अशा तीन-तीन चेन असतात, पहिल्या वेळेला ते नको. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलसारख्या काही इंजिनांत तर चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, म्हणजे इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हातच पोचत नाही. ते ज्याच्याकडे लिफ्ट आहे त्यालाच करू द्या.

सर्व्हिस मॅन्युअल हवंच, तेही इंजिन कोडप्रमाणे, नुसत्या गाडीच्या नावाप्रमाणे नाही. टॉर्कचे आकडे, खुणांची जागा, बोल्ट आवळायचा क्रम हे सगळं त्यातूनच घ्यायचं, म्हणून मी इथे मुद्दाम टॉर्कचे आकडे देत नाही.

सामान मागवताना नुसती चेन मागवू नका. चेन, सगळे गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट, क्रँकचं पुढचं सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, टायमिंग कव्हरचं गॅस्केट किंवा सीलंट, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, ऑइल, फिल्टर, कूलंट. एकदा माझ्या समोर एक गाडी आली होती, आधी कुणीतरी फक्त चेन नवी टाकलेली आणि टेन्शनर जुनाच ठेवलेला. आवाज तसाच. सगळं परत उघडलं तेव्हा जुन्या टेन्शनरचा दट्ट्या बोटाने सहज आत जात होता, त्यात दमच नव्हता. पंधरा तासांची मेहनत दोनदा झाली. तसंच झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की ते दात तिला लवकर खातात.

हत्यारांत कॅम आणि क्रँक लॉक करायचा किट तुमच्या इंजिनाचाच हवा. टॉर्क रेंच, अंश मोजायचं अँगल गेज, पुली पुलर, पुली धरून ठेवायचं हत्यार, लांब दांडा, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, आणि इंजिनाला खालून किंवा वरून आधार द्यायची सोय, कारण बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचं माउंटिंग काढावं लागतं. जॅकवर गाडी ठेवून कधीही खाली जाऊ नका, दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावा.

खोलायला सुरुवात

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ऑइल आणि लागत असेल तर कूलंट काढा. पुलीच्या बाजूचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढलं की पुली समोर येते. बाहेरचा बेल्ट काढायच्या आधी त्याचा मार्ग फोटो काढून ठेवा, खरं तर प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, आणि बोल्टसाठी एक पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्यावर टायमिंग कव्हरचा आकार काढायचा आणि जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवायचा. कव्हरचे बोल्ट तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब बोल्ट छोट्या भोकात गेला तर अॅल्युमिनियमला तडा जातो नाहीतर आटे जातात.

कॉइल, वायरिंग, टॅपेट कव्हर काढा. स्पार्क प्लगही काढा, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. काढलेल्या भोकांवर स्वच्छ फडकं ठेवा, आत एक नट पडला तर दिवस गेला.

आता इंजिन टीडीसीला आणायचं, म्हणजे एक नंबरचा पिस्टन सगळ्यात वर. क्रँकच्या बोल्टवर गोटी लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. पुलीकडून बघितलं तर बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, पण काही उलटी आहेत, मॅन्युअल बघा. खूण थोडी पुढे गेली तर मागे फिरवू नका, अजून दोन फेरे पुढे घेऊन परत या. मागे फिरवलं की ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूहून सरकतो आणि झिजलेली चेन तिथेच दात सोडू शकते. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, म्हणून कॅमवरची खूण किंवा एक नंबरच्या कॅमची उंचवट्याची बाजू मॅन्युअलमध्ये दाखवलीय तशी आहे ना ते बघा.

इथेच झिजलेली चेन बहुतेक वेळा पकडली जाते. क्रँक बरोबर खुणेवर आणि कॅमची खूण थोडी मागे, किंवा लॉकिंग टूल खाचेत बसायला जोर लागतोय. जोर लावून ठोकू नका, किती फरक आहे त्याचा फोटो काढा, नंतर नवी चेन बसल्यावर हाच फोटो समोर ठेवून बघता येतं.

पुढे पुलीचा बोल्ट. हा सगळ्यात अवघड बोल्ट आणि चुका इथेच जास्त होतात. पुली तिच्या हत्याराने धरा. कॅमच्या लॉकवर किंवा क्रँकच्या टायमिंग पिनवर जोर घेऊन बोल्ट सोडवू नका, त्या पिना जागा धरण्यासाठी असतात, ताकद सोसण्यासाठी नाही, वाकतात किंवा ब्लॉकमध्ये तुटून बसतात. स्टार्टरचा झटका देऊन बोल्ट सोडवायची पद्धत काही जण सांगतात, चेनच्या कामात ती अजिबात नको. आणि एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावीच (त्याला शाफ्टवर फिरू न देणारी छोटी पट्टी) नसते, फक्त त्या बोल्टच्या दाबावर स्प्रॉकेट जागेवर धरलेलं असतं. तो बोल्ट ढिला झाला की टायमिंग मोकळं झालं समजा. अशा इंजिनात लॉकिंग किटशिवाय त्या बोल्टला हात लावू नका.

कव्हर सीलंटने चिकटलेलं असतं, त्यासाठी दिलेल्या कानांवरच हळू उचका, घासलेल्या पृष्ठभागात स्क्रू ड्रायव्हर घुसवला की तिथून ऑइल गळणार. कव्हर निघालं की लगेच खालचं ऑइल चेंबरचं तोंड स्वच्छ फडक्याने बुजवा.

जुनी चेन काढताना

आता समोर चेन, दोन गाईड, टेन्शनर सगळं दिसतंय. काढायच्या आधी पेंट मार्करने चेनवर आणि स्प्रॉकेटवर खुणा करा, नव्या चेनच्या खुणा वेगळ्या असल्या तरी जुनं कसं होतं त्याची नोंद राहते. टेन्शनरचा दट्ट्या हळू आत दाबा, भोकात पिन घाला आणि मग बोल्ट काढा. काही टेन्शनरला खटका असतो, तो उचलल्याशिवाय दट्ट्या आत जात नाही, जबरदस्ती केली तर तुटतो. टेन्शनर, मग त्याच्या बाजूचं गाईड, मग चेन, मग दुसरं गाईड.

चेन निघाली की त्या क्षणापासून क्रँक आणि कॅम एकमेकांपासून मोकळे आहेत. एकही फिरवायचा नाही. कॅम स्प्रिंगच्या जोराने स्वतःच उडी मारू शकतो, म्हणून लॉक काढायचं नाही. काही इंजिनांत मॅन्युअल सांगतं की चेन काढायच्या आधी क्रँक थोडा मागे-पुढे नेऊन सगळे पिस्टन मधल्या उंचीवर ठेवा, तसं सांगितलं असेल तर तेच करा.

जुनी चेन हातात घ्या आणि आडवी धरा. नवी चेन बाजूने जवळजवळ सरळ राहते, झिजलेली खाली झुकते, आणि दोन कड्या चिमटीत धरून मागेपुढे केल्या की बारीक टक-टक बोटांना जाणवते. नवी आणि जुनी एकाच खिळ्याला शेजारी टांगा, खालच्या टोकाला फरक दिसेल. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये ठराविक कड्यांची लांबी साधारण १४-१५ किलोच्या ताणाने ओढून मोजायला सांगतात, व्हर्नियर असेल तर तीन ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

गाईडवर नख फिरवा. चेनच्या दोन पट्ट्यांचे हलके ठसे हे नॉर्मल, पण नख अडकेल एवढी खाच किंवा कडेला तडा म्हणजे गेलं. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकडे दिसले तर तेही गेलं. आणि गाईडचा तुकडा कमी असेल तर तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. तो जवळजवळ नेहमी ऑइल चेंबरमध्ये असतो. चेंबर उतरवा आणि ऑइल पंपाची जाळी बघा. मी एकदा अशी जाळी बघितलीय जी प्लॅस्टिकच्या चुऱ्याने अर्ध्याहून जास्त बंद होती. चेन नवी टाकून ती तशीच ठेवली असती तर ऑइल प्रेशरअभावी बेअरिंग गेले असते. चेंबर काढायला दोन तास जास्त लागतात, लागू द्या.

नवी चेन बसवणं

सगळं पुसून घ्या, जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश किंवा सँडिंग डिस्क लावू नका, त्याचे कण ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खातात. नव्या चेनला इंजिन ऑइल चोळा.

नव्या चेनमध्ये दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, त्या क्रँक आणि कॅमच्या स्प्रॉकेटवरच्या खुणांसमोर यायला हव्यात. पद्धत अशी की क्रँकपासून सुरू करायचं आणि ओढलेली बाजू, म्हणजे जिथे टेन्शनर नाही ती, एकदम ताठ ठेवत कॅमपर्यंत न्यायची. सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यायला हवा. ओढलेल्या बाजूला थोडा जरी झोल राहिला तरी टेन्शनर सुटल्यावर कॅम अर्धा-एक दात सरकतो. मग गाईड, मग टेन्शनर, बोल्ट टॉर्कला आवळा, खुणा परत मोजा, आणि मगच टेन्शनरची पिन ओढा. टक असा आवाज येऊन दट्ट्या गाईडला टेकतो. पिन मोजून बाजूला ठेवा, आत राहिली नाही ना याची खात्री.

लॉकिंग टूल सगळी काढा. आता हाताने, फक्त हाताने, क्रँकचे दोन पूर्ण फेरे चालत्या दिशेने. हळू. मधे कुठेही कडक अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, दांड्यावर जोर टाकू नका, तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा अर्थ असू शकतो. स्पार्क प्लग काढलेले असल्यामुळे कॉम्प्रेशनचा अडथळा नसतो, त्यामुळे धातूला धातू टेकल्याचं लगेच कळतं. दोन फेऱ्यांनंतर परत टीडीसीला आणा आणि लॉकिंग टूल परत घालून बघा, हाताने सहज बसली पाहिजेत. मी हे दोनदा करतो, म्हणजे एकूण चार फेरे, आणि दुसऱ्यांदा शक्य असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करून खुणा मोठ्याने वाचायला सांगतो. स्टार्टरने हे तपासायचं नसतं. स्टार्टरला हाताची जाणीव नाही, तो व्हॉल्व्ह वाकवूनच थांबतो.

इथे नवीन लोक एका गोष्टीने घाबरतात. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या खुणांसमोर नसतात, कुठेतरी भलतीकडेच गेलेल्या दिसतात. हे बरोबर आहे. चेनच्या कड्या आणि स्प्रॉकेटचे दात यांचं गणित असं असतं की त्या कड्या परत तिथे यायला पुष्कळ फेरे लागतात. रंगीत कड्या फक्त बसवताना कामाच्या. नंतर बघायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या खुणा आणि लॉकिंग टूल.

कव्हरला नवं क्रँक सील ठोका, सरळ आणि चहूबाजूंनी सारखं, ओठावर थोडं ऑइल लावून. सीलंटची रेघ साधारण ३ मिलीमीटर जाड, न तुटता, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर एक थेंब जास्त. सीलंट लावल्यावर कव्हर लगेच बसवा, ते सुकायला लागलं की चिकटत नाही. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग क्रमाने टॉर्क. पुलीचा नवा बोल्ट बऱ्याच इंजिनांत टॉर्क अधिक अंश अशा पद्धतीने आवळायचा असतो, अंश डोळ्याने अंदाजे नाही, गेजने. बाकी सगळं उलट्या क्रमाने, फोटो बघत.

पहिला स्टार्ट

सीलंटला मॅन्युअल सांगतं तेवढे तास द्या. ऑइल, नवा फिल्टर आणि कूलंट भरा, बॅटरी जोडा. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद दोन-तीनदा फिरवा, मधे थोडं थांबा, म्हणजे ऑइल टेन्शनरपर्यंत पोचतं. मग फ्यूज लावून स्टार्ट करा. पहिले काही सेकंद खडखड येऊ शकते, टेन्शनर भरतोय. ऑइलचा दिवा पाच-सहा सेकंदांत गेला नाही किंवा खडखड कमी होण्याऐवजी वाढतेय असं वाटलं तर ताबडतोब बंद करा, थोडं चालवून बघू असं करू नका. सगळं शांत असेल तर आयडलवर गरम होऊ द्या, रेस करू नका, आणि टॉर्च घेऊन कव्हरच्या कडा, सील, चेंबर सगळीकडे गळती बघा.

कोड पुसा आणि लाईव्ह डेटामध्ये कॅमचा कोन परत बघा. आधीच्या आकड्याशी तुलना करा, फरक स्पष्ट दिसायला पाहिजे. काही गाड्यांना स्कॅनरने क्रँक सेन्सरचं रीलर्न करावं लागतं, ते केल्याशिवाय मिसफायरचा खोटा कोड येत राहतो.

पहिल्या १००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर परत बदला, हे मॅन्युअलमध्ये नसलं तरी मी करतोच, कारण खोलताना कितीही पुसलं तरी थोडा कचरा आत राहतो. काढलेला फिल्टर फेकू नका. करवतीने न कापता फिल्टर कटरने किंवा पत्र्याच्या कात्रीने उघडा, म्हणजे कापल्याचा किस आत जात नाही, आणि कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. थोडी चमक दिसणं ठीक, नवे भाग एकमेकांशी जुळतात तेव्हा ती येते. पण लोहचुंबकाला चिकटणारे तुकडे, किंवा बोटात चिमटीत धरता येईल असं प्लॅस्टिक दिसलं तर गाडी तिथेच उभी करा आणि आधी चेंबर उतरवा.